सहा महिने झाले तरी स्टोअरमधली वही बंद होत नाही. ईआरपी लोकांच्या गळी कसा उतरवायचा?

प्रश्न विचारणाऱ्या भाऊंनी खाली तपशील दिलाय: धुळ्याच्या एमआयडीसीत सव्वाशे माणसांचा कारखाना, ईआरपी (खरेदी, स्टॉक, उत्पादन, हिशेब सगळं एकाच जागी ठेवणारं सॉफ्टवेअर) सुरू होऊन सहा महिने झाले, तीनदा ट्रेनिंग झालं, तरी स्टोअर आणि प्रॉडक्शनवाले वहीतच लिहितात आणि महिनाअखेरीस एक मुलगा बसून ते सगळं सिस्टीममध्ये भरतो. "जुन्या माणसांना बदलच नको असतो, आता सक्ती करू का?" असा त्यांचा सवाल आहे.

सक्ती करायच्या आधी ती वही मागून घ्या आणि पहिल्या पानापासून वाचा. मी हे फार उशिरा केलं, म्हणून सांगते.

मी जळगावच्या एमआयडीसीत पीव्हीसी पाईपच्या एका कारखान्यात अकाउंट्सला होते. १ एप्रिल २०२२ पासून २० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे प्रत्येक बिलाची सरकारी पोर्टलवर नोंद, लागू होणार होतं. शेठ म्हणाले, एवढं करतोच आहोत तर टॅली सोडून पूर्ण ईआरपीच घेऊन टाकू. तारीख अर्थात १ एप्रिल. ती सीएंना आवडली, सॉफ्टवेअरवाल्यांना आवडली, मलाही आवडली. नवीन वर्ष, कोरी पाटी. डिस्पॅचच्या माणसाला मात्र कोणी विचारलंच नाही. त्याने एका वाक्यात सांगितलं असतं की आपल्याकडे पाईपचा सीझन एप्रिल-मे. रब्बी निघालेली असते, शेत मोकळं असतं, कपाशी लावायच्या आधी शेतकऱ्याला पाईपलाईन टाकून घ्यायची असते. वर्षातल्या सगळ्यात धावपळीच्या दिवसांत आम्ही लोकांच्या हातातलं पेन काढून घेतलं.

असा घोळ मोठ्यांनीही घातलाय. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने ४८ महिन्यांचं काम ३० महिन्यांत उरकायचं ठरवलं आणि १९९९ च्या जुलैत नवी यंत्रणा सुरू केली. हॅलोविनच्या ऑर्डरी नेमक्या तेव्हाच येऊ लागल्या. गोदामात माल असूनही सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी पुऱ्या करता आल्या नाहीत. ऐन दिवाळीत मिठाईवाल्याने तराजू बदलायला काढावा, तसं.

आमच्याकडची अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यातली एक दुपार अजून डोळ्यांसमोर आहे. शहाद्याच्या डीलरची गाडी गेटवर. यार्डात चार इंची पाईपचे ढीग, हात लावला तर चटका बसेल असे तापलेले. आणि स्क्रीनवर स्टॉक शून्य. रात्रपाळीच्या सुपरवायझरने प्रॉडक्शनची एंट्री केली नव्हती, त्यामुळे सिस्टीमच्या लेखी ते पाईप अजून जन्मलेच नव्हते. स्टॉक नाही म्हणून बिल होईना, बिल नाही म्हणून ई-वे बिल (माल रस्त्याने न्यायला लागणारा कागद) निघेना, आणि ड्रायव्हर टायरच्या सावलीत बसून दर दहा मिनिटांनी डीलरला फोन लावतोय. स्टोअरचे आप्पा माझ्या टेबलापाशी आले. आधी स्क्रीनकडे बघितलं, मग खिडकीतून यार्डाकडे बघितलं, आणि म्हणाले, "त्याले काय समजस भो!"

सुपरवायझरला दुसऱ्या दिवशी झापायचं ठरलं होतं. मी त्याच्या शेजारी बसले आणि म्हटलं, एकदा माझ्यासमोर एंट्री करून दाखव. त्याने सर्चमध्ये "४ इंची ४ किलो" टाकलं. काहीच आलं नाही. कारण कन्सल्टंटने आयटमची नावं आयएस ४९८५ या पाईपच्या सरकारी मानकाच्या कागदावरून उचलली होती: ११० मिमी, ०.४ मेगापास्कल. किलो काय, मेगापास्कल काय, दोन्ही पाईप किती दाब सोसतो त्याची मापं. वस्तू तीच. पण जळगावपासून नंदुरबारपर्यंत कुठल्याही पाईपच्या दुकानात जाऊन मेगापास्कल म्हणून बघा, माणूस तुमच्या तोंडाकडे बघत राहील. रात्री तीन वाजता पेंगुळलेल्या डोळ्यांनी दिसायला सारख्या चाळीस नावांतून एक शोधायचं म्हणजे शिक्षाच. मी आणि डिस्पॅचच्या पोराने दोन संध्याकाळी बसून प्रत्येक आयटमला बोलीतलं नाव जोडलं. त्यानंतर रात्रपाळीची एंट्री पहाटेपर्यंत यायला लागली. तीन दिवसांचं ट्रेनिंग, प्रोजेक्टर, समोसे, सगळं करून जे झालं नव्हतं ते एवढ्याने झालं.

आता वहीबद्दल. आप्पांची वही म्हणजे लाल कापडी पुठ्ठ्याचं लांबडं रजिस्टर. मला वाटायचं त्यात आवक-जावक असेल, जी सिस्टीममध्येही आहेच, म्हणजे नुसता हट्ट. मे संपता संपता एकदा मी ते रजिस्टर घरी घेऊन गेले आणि वाचलं.

रेझिन, म्हणजे पाईपचा कच्चा माल, किलोत येतं आणि पाईप नगात जातो. सिस्टीमला आम्ही सांगितलं होतं की एका नगाला इतकं रेझिन लागतं. नग मोजला की ती तेवढं रेझिन आपोआप वजा करते. प्रत्यक्षात पाईपची जाडी मशीनगणिक थोडी इकडेतिकडे होते, डाय (पाईपचा साचा) झिजली की फरक वाढतो, खराब माल ग्राइंड होऊन परत मिक्सरमध्ये जातो. म्हणून सिस्टीममधलं रेझिन आणि गोदामातलं रेझिन रोज थोडं थोडं लांब जात होतं. आप्पा मात्र रोज सकाळी २५ किलोच्या बॅगा बोटाने मोजून खरा आकडा लिहीत. समोर बारीक अक्षरात शेरे: अमुक लॉट एक नंबरच्या मशीनवर घेऊ नये, अमुक गाडीतल्या तीन बॅगा फाटक्या. आणि मागून उघडलं तर शेवटच्या पानांवर उसनवारी. शेजारच्या कारखान्याला दहा बॅगा दिल्या, परत आल्या सात. सीझनमध्ये एमआयडीसीत हे चालतंच, पण आमच्या ईआरपीत हातउसन्याला जागाच नव्हती. वही बंद केली असती तर त्या तीन बॅगा कायमच्या गेल्या असत्या.

म्हणजे आप्पांचा बदलाला विरोध नव्हता. वही जे काम करत होती ते काम सिस्टीम करतच नव्हती, आणि हे आम्हाला सांगायला त्यांना कोणी मीटिंगला बोलावलं नव्हतं. आम्ही मग आठवड्यातून एकदा खरा स्टॉक मोजून फरक टाकायची पद्धत लावली, उसनवारीसाठी सिस्टीममध्ये एक वेगळं गोदाम उघडलं, आणि लॉटला शेरा लिहायची जागा करून घेतली. सॉफ्टवेअरवाल्यांनी याचे जादा पैसे लावले, ते जाऊ द्या.

वहीत आणखी एक गोष्ट असते, ती लिहिलेली नसते. वहीत खाडाखोड करता येते. सिस्टीममध्ये एंट्री कोणी केली, किती वाजता केली, नंतर कोणी बदलली, सगळं राहतं. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला तर १ एप्रिल २०२३ पासून असा माग ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्याला ही सोय वाटते, पंधरा हजारांवर काम करणाऱ्याला तो पुरावा वाटतो. आमच्या एका ऑपरेटरने मला सरळ विचारलं, "ताई, चुकलं तर पगारातून कापतील का?" शेठना मी हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी दोन्ही शिफ्टसमोर उभं राहून सांगितलं की तीन महिने कुठल्याही चुकीच्या एंट्रीवर कोणाला बोलणार नाही, फक्त लपवू नका. सुरुवातीला कोणाचा विश्वास बसला नाही. मग एकाने ९० चे ९०० नग टाकले, त्याला खरोखर कोणी काही बोललं नाही, तेव्हा बसला.

पण वही जिवंत ठेवणारा सगळ्यात मोठा माणूस शेठच होते. रोज संध्याकाळी सातला ते स्टोअरमध्ये फोन करून विचारत, "आज किती गेलं?" आणि आप्पा वही उघडून सांगत. मालक ज्यातून आकडा मागतो तेच लोक आधी भरतात, बाकीचं सवडीने. तुमच्याकडेही बघा, ऑफिसमधून फोन गेला की खालचा माणूस कशात बघून उत्तर देतो. आम्ही शेठच्या मोबाईलवर डिस्पॅचचा रिपोर्ट टाकून दिला आणि फोन करायचा नाही असं वचन घेतलं. दोनदा मोडलं त्यांनी. तिसऱ्या आठवड्यापासून आप्पाच म्हणायला लागले, "मोबाईलात बघा ना शेठ."

कन्सल्टंट लोक कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाचं नाव घेतात, १९४७ चं: आधी वितळवा, मग बदला, मग पुन्हा गोठवा. ठीक आहे, पण जळगावच्या मे महिन्यात वितळवायला वेगळा माणूस लागत नाही. मला त्यापेक्षा रायन आणि ग्रॉस या दोघा समाजशास्त्रज्ञांचा १९४३ चा अभ्यास जास्त पटतो. अमेरिकेत आयोवामधल्या २५९ शेतकऱ्यांना त्यांनी संकरित मक्याबद्दल विचारलं. बियाण्याची माहिती सगळ्यात जास्त जणांना आधी विक्रेत्याकडून मिळाली होती, पण लावायचं धाडस शेजाऱ्याचा मका बघून आलं. आमच्या केळीच्या पट्ट्यातल्या, रावेर-यावलच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. टिश्यू कल्चरची जी-नाईन केळी कोणी माहितीपत्रक वाचून लावली? शेजाऱ्याचा घड वर्षभरात कापला गेलेला बघितला आणि लावली.

कारखान्यातही तो शेजारी शोधा. आमच्याकडे तो वजनकाट्यावरचा पोरगा निघाला. ना पद, ना डिग्री, पण मोबाईल अडकला की सगळे त्याच्याकडेच जायचे. त्याला आम्ही आधी शिकवलं आणि दुपारी दोन तास काट्यावरून मोकळं केलं. मॅनेजरला विचारायला लाजणारी माणसं त्याला चहाच्या टपरीवर विचारत.

तुमच्यासाठी आता. मुहूर्त हुकला तो हुकला, पुढच्या कामाला तुमच्या धंद्याचा मंदीचा महिना निवडा. सगळे विभाग एकदम नको, आधी फक्त स्टोअर. एका रविवारी माल हाताने मोजा आणि तोच आकडा सिस्टीममध्ये सुरुवातीचा स्टॉक म्हणून घाला. चुकीच्या आकड्यावर सुरू केलेल्या सिस्टीमवर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. वही बंद व्हायची तारीख स्टोअरवाल्यालाच ठरवू द्या, पण ठरलेली तारीख फळ्यावर लिहा. आणि महिनाअखेरीस सगळं भरून देणाऱ्या त्या मुलाला उद्यापासून दुसरं काम द्या. तो आहे तोवर बाकी कोणाला भरायची गरजच नाही. पहिले आठ-दहा दिवस रिपोर्ट चुकीचे येतील, हे तुमच्या शेठना आजच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी तेच म्हणतील, "जाऊ दे, वही आण."