चाळिशीनंतर लहानपणीचं स्वप्न अचानक आठवलं, तर त्याच्या मागं लागावं का?

लागावं. आणि घरच्यांना विचारत बसू नये.

मागच्या महिन्यात बायकोनं ग्रिलसाठी अर्धा लिटर काळा ऑइल पेंट आणायला कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत पाठवलं. दुकानदार माझ्या आधीच्या गिऱ्हाइकाला कॅनमधून टर्पेंटाईन ओतून देत होता. तो वास नाकात गेला आणि मी थेट सातवीच्या उन्हाळी सुट्टीत.

आमच्या गल्लीत एक बोर्ड पेंटर होते. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मी त्यांची शिडी धरायचो, ब्रश धुऊन द्यायचो. गुळाच्या अडत दुकानांचे बोर्ड त्यांच्याकडं असायचे. खडू फासलेली दोरी ताणून टिचकी मारली की पत्र्यावर सरळ रेघ उठायची. मामा शिरोरेघ सगळ्यात शेवटी ओढायचे, श्वास धरून, एका दमात. पण खरी परीक्षा 'गुळाचे व्यापारी' मधल्या 'ळ'ची. दोन्ही पोटं सारखी आली पाहिजेत आणि मध्ये ब्रश उचलायचा नाही. "ळ जमला की पेंटर झालास," म्हणायचे. मला दुसरं काही व्हायचंच नव्हतं.

आबा म्हणाले, "बोर्ड रंगवून पोट भरणार हाईस व्हय? गप आयटीआय कर." केला. टर्नर म्हणून, म्हणजे लेथ मशीनवर, शिरोलीत २६ वर्षं झाली.

आबांना तेव्हा उलट बोलायची छाती नव्हती, म्हणून इथं बोलतो. बाबूराव मिस्त्री नाटकांचे पडदे रंगवता रंगवता बाबूराव पेंटर झाले ते याच गावात. सिनेमाचा कॅमेरा त्यांनी इथंच बनवला, १९१८ साली. दामले, फत्तेलाल, शांताराम त्यांच्याच हाताखाली तयार झाले आणि त्यांनी १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी काढली, तीही कोल्हापुरातच. त्या गावात 'पेंटर' हा शब्द कमीपणानं उच्चारायचा? थोरला भाऊ अजून म्हणतो, फ्लेक्स आल्यावर उपाशी मेला असतास. अरे, लेथवरची माणसं कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीननं कमी केलीच की! कुठल्या धंद्याची कुणी हमी दिली होती?

त्या दिवशी काळ्या रंगासोबत एक ८ नंबरचा ब्रश घेतला. गच्चीवरच्या जुन्या पत्र्यावर रोज रात्री ळ काढतो. डावं पोट अजून फुगतं. मनगट आखडतं, पण खांद्यातून हात फिरवला की रेघ थरथरत नाही, हे आता कळलं.

नोकरी सोडा असं मी म्हणत नाही. कर्ज असेल, पोरं शिकत असतील तर मुळीच सोडू नका, मीही सोडलेली नाही. आणि तुमचं स्वप्न गाण्याचं किंवा कुस्तीचं असेल तर माझा अनुभव कितपत उपयोगी पडेल, ते तुम्हीच बघा.

येत्या रविवारी आमच्या गवळ्याचा बोर्ड करायचा आहे. 'म्हशीचे दूध मिळेल.' पत्रा घासून, प्रायमर मारून ठेवलाय.