वाचक विचारतात : उजेडात वाकणारं प्लास्टिक आणि गच्चीवरचे पापड

प्रश्न : मुलगी एमएस्सी करतेय, परवा जेवताना सांगत होती की नुसता उजेड टाकला की वाकणारी आणि दुसऱ्या रंगाचा उजेड टाकला की परत सरळ होणारी प्लास्टिकची पट्टी असते. मी म्हटलं यात नवीन काय, आमच्या गॅलरीतली निळी ताडपत्री दर उन्हाळ्यात वाकडी होतेच की. ती चिडली. कोण बरोबर? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : मुलगी बरोबर. पण तुमचा प्रश्नही चांगला आहे, कारण दोन्हीकडे ऊन आणि प्लास्टिकच आहे.

ताडपत्रीचं काय होतं, तर उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिक ज्यांचं बनतं त्या रेणूंच्या, लांब साखळ्या तोडतात, म्हणून ती आधी कडक होते आणि मग एक दिवस हात लावला की पापुद्रे सुटतात. ही झीज आहे, तुटलेली साखळी परत जुळत नाही, पावसाळ्याआधी नवी ताडपत्री आणावीच लागते. मुलगी सांगतेय त्या पट्टीत काही तुटत नाही. तिच्यात ॲझोबेन्झीन नावाचा रेणू असतो. शाळेच्या लॅबमधलं मिथाइल ऑरेंज आठवत असेल ना, ते याच घराण्यातलं. हा रेणू एरवी काडीसारखा सरळ असतो, 365 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा अतिनील उजेड पडला की मधल्या दोन नायट्रोजनपाशी दुमडतो, आणि दोन टोकांमधलं अंतर साधारण 9 अँगस्ट्रॉमवरून (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) साडेपाचवर येतं. निळा उजेड टाका, परत सरळ. अंधारात ठेवला तरी हळूहळू आपोआप सरळ होतो. रेणू 1834 पासून माहीत होता, पण उजेडाने तो दुमडतो हे 1937 मध्ये हार्टली या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं, म्हणजे मधे शंभर वर्षं गेली!

आता रेणू एवढासा, तो दुमडला म्हणून आख्खी पट्टी का वाकावी? मला विचाराल तर खरी गंमत इथेच आहे. घरातली काड्यांची चटई डोळ्यासमोर आणा. सगळ्या काड्या एका दिशेने आणि दोऱ्याने एकमेकींना बांधलेल्या. प्रत्येक काडी मधे दुमडली तर चटई त्या दिशेने आखूड होणारच, पण दोरा काढून काड्या टोपलीत कशाही टाकल्या आणि मग दुमडल्या तर बाहेरून बघणाऱ्याला काही कळणार नाही. या पट्टीतही तसंच, रेणू एका दिशेला लावलेले असतात (द्रवस्फटिक, म्हणजे द्रवासारखे वाहणारे पण रेणू एका दिशेने रांगेत असलेले पदार्थ, वापरतात ते याचसाठी) आणि साखळ्या एकमेकींना आडव्या बांधलेल्या असतात. उजेडाने रेणू दुमडले की ती रांगच विस्कटते आणि सगळं जाळं आखडतं. 2001 मध्ये फिंकेलमान, वॉर्नर वगैरे शास्त्रज्ञांनी असं रबर उजेडाने साधारण 20 टक्के आखडून दाखवलं.

आखडणं झालं, पण वाकणं कसं? त्यासाठी गच्चीवर चला. पापड वाळत घातले की तासाभरात कडा वर उचलतात, कारण वरची बाजू आधी वाळते, आखडते, खालची अजून ओली आणि लांबच असते, मग पापडाला वर वळण्याशिवाय मार्गच नसतो, म्हणून तर आपण ते मधेच उलटतो. पट्टीत वाळणं नाही, बाकी गणित तेच. ॲझोबेन्झीन अतिनील उजेड इतका अधाशासारखा शोषतं की वरच्या पातळ थरातच सगळा संपतो, खालपर्यंत पोचतच नाही, म्हणून वरचा थर आखडतो आणि पट्टी दिव्याकडे वळते. 2003 मध्ये टोकियोच्या यू, नाकानो आणि इकेदा यांनी याच्याही पुढे जाऊन दाखवलं की ध्रुवीकृत उजेडाची (म्हणजे ज्याच्या लहरी एकाच दिशेत हलतात अशा उजेडाची) दिशा फिरवली की एकच तुकडा वेगवेगळ्या दिशांना वाकतो! 2008 मध्ये इकेदांच्याच गटाने अशा फिल्मचा पट्टा दोन चाकांवर चढवून एकीकडून अतिनील, दुसरीकडून दृश्य उजेड टाकला आणि चाकं फिरली. ना वायर, ना बॅटरी.

मग हे बाजारात का नाही, असं तुम्ही विचारणारच. उजेड आत खोल जात नाही म्हणून पट्टी पातळच ठेवावी लागते, पातळ म्हणजे जोर कमी, आणि जो अतिनील उजेड पट्टी वाकवतो तोच ताडपत्री खाणारा, त्यामुळे हजारो वेळा वाकवायचं तर झीज येतेच. म्हणून आता साध्या हिरव्या-निळ्या उजेडावर चालणारे रेणू बनवतात, फ्लुओरीन जोडलेलं ॲझोबेन्झीन त्यातलंच. आणि कृपा करून नोटा तपासायचा जांभळा टॉर्च घेऊन घरी प्रयोग करताना तो डोळ्यांवर मारू नका.

प्रश्न : माझा चष्मा उन्हात काळा होतो. त्यातलाही रेणू आकार बदलतो म्हणे, मग काच का वाकत नाही? आणि गाडीत बसलं की तो काळा का होत नाही? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : वरची टोपलीतली काडी तीच ही. प्लास्टिकच्या भिंगात ऑक्झाझीन किंवा पायरान घराण्यातले रेणू विखुरलेले असतात, अतिनील किरणांनी त्यांचं एक कडं उघडतं, रेणू सपाट होतो आणि दृश्य उजेड शोषायला लागतो, म्हणून काळं दिसतं. पण ना रांग, ना दोरा, प्रत्येक जण आपापल्या जागी हलतो, भिंगाला पत्ताच नाही. गाडीची पुढची काच बरेचसे अतिनील किरण अडवते, त्यामुळे आत रेणू उघडतच नाहीत. आणि मनालीला गेलात तर बघा, तिथे तोच चष्मा मुंबईतल्या मे महिन्यापेक्षा जास्त काळा होईल, कारण उघडलेला रेणू उष्णतेने पटकन मिटतो आणि थंडीत तो उघडा राहतो.