फाटा निघून जाण्याआधी पाटी कशी वाचायची

लर्निंग लायसन्ससाठी सगळी चिन्हं पाठ केली, पण हायवेवर हिरवा फलक वाचून होईपर्यंत फाटा मागे पडतो, असा तुमचा प्रश्न आहे. यात नवल काही नाही. परीक्षेत गोल आणि त्रिकोण विचारतात, गावांच्या नावांचा फलक कुणी विचारत नाही. ताशी ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे चार नावं वाचेपर्यंत शंभरेक मीटर गेलेच.

म्हणून फलक वाचायचाच नाही, त्यात आपलं नाव शोधायचं. निघण्यापूर्वी दोन गोष्टी डोक्यात ठेवा: रस्त्याचा क्रमांक आणि वाटेतलं पुढचं मोठं शहर. जायचंय त्या छोट्या गावाचं नाव फलकावर बहुधा नसतंच. पुण्याहून साताऱ्याच्या पुढच्या एखाद्या खेड्यात जायचं असेल, तर फाट्यापर्यंत 'सातारा' आणि '४८' एवढंच बघा.

क्रमांकांनाही हिशोब आहे. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले. सम आकडा म्हणजे ढोबळमानाने उत्तर-दक्षिण रस्ता, विषम म्हणजे पूर्व-पश्चिम. नागपूरवरून जाणारा ४४, कोकणातला ६६ हे सम; धुळ्याहून नागपूरकडे जाणारा ५३, पुणे-सोलापूर ६५ हे विषम. तीन आकडी असेल तर शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे: रत्नागिरीहून कोल्हापूरकडे येणारा १६६ हा ६६ चा फाटा. जुनी मंडळी अजून 'एनएच फोर'ने जा म्हणतात. पुणे-बेंगळूरूसाठी पाटीवर तो आता ४८ आहे. (नवा ४ क्रमांक अंदमानात आहे, तिकडे जाऊ नका.)

नवशिक्यांची खरी फसगत उड्डाणपुलाशी होते. गाव उजव्या हाताला असलं तरी बाण डावीकडे दाखवतो, आणि माणूस गोंधळून सरळ पुलावर चढतो. चौपदरी हायवेवर उजवीकडे जायचं तरी बहुतेक वेळा आधी डावीकडे सर्व्हिस रोडला उतरून पुलाखालून वळावं लागतं. बाण पहिली हालचाल सांगतो, गाव कुठल्या हाताला आहे ते नाही. कमानीवरच्या फलकात खाली वळलेला बाण असेल तर तो त्याच्या खालच्या लेनसाठी.

जमिनीवरच्या खुणांपैकी दोन पक्क्या करा. मधली रेघ एका बाजूने अखंड आणि एका बाजूने तुटक असेल, तर आपल्या बाजूची बघायची. आपली अखंड असेल तर ओलांडायची नाही. दुसरी म्हणजे फाटा फुटतो तिथले तिरके पट्टे. ती जागा थांबून विचार करायला ठेवलेली नाही. त्या पट्ट्यांवरून शेवटच्या क्षणी गाडी घालणारे रोज दिसतात, हायवेवर रिव्हर्स घेणारे त्याहून वाईट. फाटा चुकला तर पुढे जा, पुढचा पूल बघून वळा. दहा मिनिटं जातील.

किलोमीटरच्या दगडांकडेही नजर असू द्या. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३ या महामार्ग हेल्पलाइनला फोन लावताना जवळच्या दगडावरचा किलोमीटर सांगा, कारण 'त्या मोठ्या धाब्याच्या पुढे' म्हणून कुणाला सापडत नाही.