वाचकांचे प्रश्न : स्टीव्ह अर्लचे उत्तम अल्बम कोणते?

प्रश्न : नव्वदच्या सुमारास वसतिगृहातल्या एका मित्राकडे स्टीव्ह अर्ल या अमेरिकन गायक-गीतकाराची ‘कॉपरहेड रोड’ ही कॅसेट ऐकली आणि नंतर बर्डीवरून स्वतःसाठीही एक आणली. आता फोनवर त्याचे वीसहून अधिक अल्बम दिसतात आणि कोठून सुरुवात करावी ते कळत नाही. त्या मित्राच्या मते त्या कॅसेटनंतर अर्लने ऐकण्यासारखे काही केलेच नाही. कृपया गुणानुक्रम लावून द्यावा. – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपल्या मित्राचे मत मला मान्य नाही. ज्या अल्बमला मी पहिला क्रमांक देतो, तो ‘एल कोराझॉन’, त्या कॅसेटनंतर नऊ वर्षांनी, १९९७ मध्ये आला. त्याची सुरुवात ‘ख्रिसमस इन वॉशिंग्टन’ या जवळजवळ एकट्या गिटारवरच्या गाण्याने होते आणि त्यात अर्ल राजधानीतले निवडणुकीनंतरचे थंड वातावरण सांगत वुडी गथ्री या जुन्या लोकगायकाला परत येण्याची विनवणी करतो. शेवटचे ‘फोर्ट वर्थ ब्लूज’ हे त्याच वर्षी १ जानेवारीला वारलेल्या टाउन्स व्हॅन झँट या त्याच्या गुरूसाठी आहे. या दोन शांत टोकांच्या मध्ये डेल मॅकूरी यांच्या चमूसह गायलेले ब्लूग्रास (बँजो, फिडल, मॅन्डोलिन अशा तारवाद्यांवरचे अमेरिकन लोकढंगाचे संगीत) आहे, फेअरफिल्ड फोर या चर्चसंगीत गाणाऱ्या मंडळींची साथ आहे आणि कानठळ्या बसवणारे रॉकही आहे. इतके निरनिराळे रंग एकत्र आल्यावर अल्बमचा बाजार होण्याचीच शक्यता अधिक. येथे तसे होत नाही, कारण प्रत्येक गाण्यात कोणी तरी काही तरी मागे सोडून आलेला आहे आणि ते त्याला सुटलेले नाही.

दुसरा क्रमांक ‘गिटार टाउन’ (१९८६). टेक्सासमध्ये वाढलेला अर्ल एकोणिसाव्या वर्षी कंट्री या अमेरिकन ग्रामीण ढंगाच्या संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलला गेला, गाय क्लार्क या दुसऱ्या गुरूच्या चमूत बास वाजवू लागला आणि हा पहिला पूर्ण लांबीचा अल्बम निघेपर्यंत एकतिशीत पोहोचला. इतकी वर्षे गाणी घासूनपुसून ठेवल्याचा परिणाम ऐकू येतो. एकही कडवे भरतीचे नाही. बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या कंट्री अल्बमच्या खपाच्या यादीत तो पहिल्या स्थानावर गेला, पण त्याहून मला मोलाची वाटते ती ‘समडे’ या गाण्यातली नजर : महामार्गालगतच्या गावात पेट्रोल पंपावर काम करणारा मुलगा बाहेरगावच्या गाड्या जाताना पाहत राहतो. वर्धा रोडवर हे दृश्य कोणीही पाहिलेले असेल.

तिसरा ‘ट्रेन अ कमिन’ (१९९५). १९९४ मध्ये अमली पदार्थांपायी अर्लला तुरुंगवास झाला, त्यानंतर व्यसनमुक्तीचे उपचार झाले, आणि तेथून परतल्यावर केलेला हा पहिला अल्बम आहे. यात ड्रम नाहीत, विजेवरची गिटारही नाही; नॉर्मन ब्लेक, पीटर रोवन आणि रॉय हस्की यांची तारवाद्ये आणि अर्लचा खरखरीत झालेला आवाज एवढेच आहे. गाणी बरीचशी तरुणपणी लिहिलेली, पण गाणारा आता तो तरुण नाही. (हा अल्बम कूलर बंद करूनच ऐकावा, असा माझा आग्रह असतो, आणि मे महिन्यात घरातले त्यावर काय म्हणतात ते येथे लिहिण्याजोगे नाही.)

आपली ‘कॉपरहेड रोड’ (१९८८) मी चौथी धरतो आणि त्याचे कारण कॅसेटच्या दोन बाजूंत आहे. पहिल्या बाजूला शीर्षकगीत आहे. त्यात आजोबा आणि वडील हातभट्टीची दारू गाळतात, नातू व्हिएतनामच्या युद्धातून परतून त्याच डोंगरात गांजा लावतो, आणि तीन पिढ्यांचा हा हिशेब साडेचार मिनिटांत, मॅन्डोलिनच्या एका सुरावटीवर, पुरा होतो. हातभट्टी म्हणजे काय हे विदर्भातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. टेनेसी राज्याने २०२३ मध्ये या गाण्याला राज्यगीतांमध्ये स्थान दिले, हा त्यातला विनोदच म्हणायचा. त्याच बाजूला ‘द डेव्हिल्स राइट हँड’ आहे आणि द पोग्ज या लंडनच्या चमूबरोबरचे ‘जॉनी कम लेटली’ही आहे. दुसऱ्या बाजूला मात्र प्रेमगीते आहेत आणि ती कोणीही लिहू शकला असता. आपल्या वसतिगृहात पहिली बाजूच परत परत लागत असणार, असा माझा अंदाज आहे.

पाचवा ‘आय फील ऑलराइट’ (१९९६), सहावा ‘द माउंटन’ (१९९९), जो संपूर्णपणे डेल मॅकूरी यांच्यासह केलेला ब्लूग्रास आहे. ग्रॅमी मिळालेले २००४, २००७ आणि २००९ चे तिन्ही अल्बम माझ्या पहिल्या सहांत नाहीत, याची मला कल्पना आहे.

प्रश्न : माझे वडील वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) भूमिगत खाणीत होते. अर्लने कोळसा खाणीवर एक अख्खा अल्बम केला आहे असे ऐकले. तो कसा आहे? – एक वाचक, सावनेर

उत्तर : तो २०२० चा ‘गोस्ट्स ऑफ वेस्ट व्हर्जिनिया’. वेस्ट व्हर्जिनियातल्या अप्पर बिग ब्रँच या भूमिगत खाणीत ५ एप्रिल २०१० रोजी मिथेन पेटला, तो स्फोट साचलेल्या कोळशाच्या धुळीमुळे खाणभर पसरला आणि २९ कामगार मेले. त्यांच्या नातलगांच्या मुलाखतींवरून उभ्या राहिलेल्या ‘कोल कंट्री’ या नाटकासाठी अर्लने ही गाणी लिहिली. ‘इट्स अबाउट ब्लड’ या गाण्याच्या शेवटी तो त्या २९ जणांची नावे एकामागून एक घेतो. ती गात नाही, उच्चारतो, आणि मागे ताल चालू राहतो. आपल्या घरी पाळीवरून माणूस परत येण्याची वाट पाहिली गेली असेल, तर ते ऐकणे सोपे जाणार नाही. माझ्या क्रमात तो सातवा आहे, कारण काही गाणी रंगमंचाबाहेर अर्धी वाटतात. तरीही सावनेर, उमरेड किंवा बल्लारपूरच्या माणसाने याच अल्बमपासून सुरुवात केली, तर मी त्याला अडवणार नाही.

प्रश्न : दुसऱ्यांची गाणी गायलेले अल्बम अशा क्रमात धरावेत का? – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : गुरूच्या बंदिशी शिष्याने गायल्या तर त्या आपण त्याच्या गायकीत धरतोच, त्या न्यायाने ‘टाउन्स’ (२००९) आणि ‘गाय’ (२०१९) हे धरायला हरकत नाही, आणि ते आठ ते दहाच्या आसपास येतील. ‘जे. टी.’ (२०२१) मात्र उलट्या दिशेचा आहे. अर्लने ज्या मुलाला गुरूचे नाव दिले, तो गायक-गीतकार जस्टिन टाउन्स अर्ल ऑगस्ट २०२० मध्ये वारला, आणि ४ जानेवारी २०२१ रोजी, जस्टिनच्या एकोणचाळिसाव्या वाढदिवशी, बापाने मुलाची दहा गाणी गाऊन हा अल्बम काढला. त्यात बापाचे स्वतःचे गाणे एकच आहे, ‘लास्ट वर्ड्स’, आणि ते दोघांच्या शेवटच्या संभाषणावर आहे. ‘गिटार टाउन’मध्येही एक गाणे आहे, ‘लिटल रॉक अँड रोलर’, ज्यात दौऱ्यावर असलेला बाप घरी राहिलेल्या लहान मुलाशी बोलतो. त्या वेळी जस्टिन चार वर्षांचा होता. ही दोन गाणी लागोपाठ ऐकल्यावर ‘जे. टी.’ला कितवा क्रमांक द्यायचा ते आपणच ठरवून मला कळवावे.