सर नोट्स देत नाहीत म्हणून एमए मराठी सोडू का?

तुझं पत्र वाचलं. थोडक्यात म्हणजे तालुक्याच्या कॉलेजात बीए करताना मॅडम डिक्टेट करायच्या आणि तू उतरवून घ्यायचीस, आता विद्यापीठात एमएच्या पहिल्या सेमिस्टरला प्राचीन मराठीचे सर लीळाचरित्रातली (चक्रधरस्वामींच्या आठवणींचा जुना मराठी ग्रंथ) एकच लीळा, म्हणजे एकच प्रसंग, घेऊन दोन लेक्चर बसतात, नोट्स शून्य. सीनियर्सच्या ग्रुपवर विचारलंस तर अर्धे म्हणाले देवमाणूस, अर्धे म्हणाले टाइमपास. म्हणून एमए सोडून बीएड करू का, असं विचारतेयस.

सीनियर्सचं एक बघ, 'टाइमपास' म्हणणारे बहुतेक अजून एमए करत असलेलेच असतील. या टाइपच्या सरांबद्दल परीक्षेच्या आधी विचारलं की शिव्या मिळतात आणि दोन वर्षांनी विचारलं की कौतुक, मी हे इतक्या मुलांकडून ऐकलंय की आता हसू येतं.

तूच लिहिलंयस की सरांनी विचारलं, "हे सांगतंय कोण?" आणि वर्ग गप्प. अगं पण प्रश्न भारी आहे! प्रसंग चक्रधरांचा, आठवण कुठल्यातरी शिष्याची, गोळा करून लिहिलं म्हाइंभटांनी, मग आपण नक्की कोणाचा आवाज वाचतोय? हे डिक्टेट करून शिकवता येत नाही, त्यासाठी वर्ग गप्पच बसावा लागतो थोडा वेळ.

माझे सर पिवळ्या पडलेल्या कागदांवरून नोट्स द्यायचे, मी खूश होतो, मार्कही चांगले पडले. मग एका कॉलेजात इंटरव्ह्यूला समोर एक ओवी ठेवली आणि म्हणाले वाचा, तुम्हाला काय दिसतं ते सांगा. घाम फुटला. पाठ केलेलं सगळं होतं, दिसत काहीच नव्हतं.

पण सरांचीही बाजू सगळी बरोबर नाहीये. तू लिहिलंयस तसं ट्युटोरियल तपासून परत न देणं आणि "गाईड वाचून आलात का" म्हणून भर वर्गात एका मुलीला टोमणा मारणं, हे शिकवण्याच्या पद्धतीत बसत नाही, तो उद्धटपणा आहे, त्याला पद्धतीचं नाव देऊ नकोस.

आता परीक्षेचं. नेटच्या, म्हणजे प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या पात्रता परीक्षेच्या, दुसऱ्या पेपरला 100 प्रश्न, 200 मार्क, सगळे पर्यायवाले, तिथे कर्ता-ग्रंथ-कालखंड पाठ लागतो आणि ते सर देणार नाहीत, ते तुझं तूच करायचं, रोज अर्धा तास, जुने पेपर समोर घेऊन. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नकोस. यूपीएससीला मराठी साहित्य ऑप्शनल घ्यायचं कधी डोक्यात आलं तर मात्र 250-250 मार्कांचे दोन लेखी पेपर असतात, तिथे सरांच्या वर्गातली वही कामाला येईल.

बीएडसाठी एमए सोडायची गरजच नाही, त्याची प्रवेश परीक्षा, सीईटी, ग्रॅज्युएशनवर देता येते, एमए संपल्यावरही देता येते, आणि ज्युनियर कॉलेजला शिकवायचं असेल तर दोन्ही लागतंच.

पुढच्या लेक्चरला एक कर, त्या लीळेवर एक पान स्वतःच्या भाषेत लिही, चुकलं तर चुकलं, आणि लेक्चर संपल्यावर दारातच सरांना गाठ. सर, हे एवढं बघाल का, एवढंच म्हणायचं. ट्युटोरियलचा विषयही तिथेच काढ. काय म्हणाले ते मला कळव.