काळं-गोरं तिकडचं, मग आपण कशाला वाचायचं?

प्रश्न: ताई, आम्ही परभणीत एमपीएससी करणारी पाच-सहा पोरंपोरी. रविवारी तासभर बसून अमेरिकेतला वंशभेद अन् त्याविरुद्धच्या चळवळी वाचायलोत. पण दर वेळी एकजण म्हणतो हे तिकडचं लफडं, आपल्याला काय करायचंय, की दुसरा लगेच जातीवर येतो, मग आवाज चढतात अन् वाचन राहतं बाजूला. गट मोडू द्यायचा नाही, काय करावं?

उत्तर: तिकडचं म्हणणाऱ्याला एकदा एसटीत बसवून खुलताबादला न्या. तिथं मलिक अंबरची कबर आहे. इथियोपियातनं गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला आणि 1610 च्या सुमारास त्यानं खडकी वसवली, तेच पुढं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. जहांगीरला काही तो आवरला नाही, म्हणून मग बादशहानं चित्र काढून घेतलं, भाल्यावर अंबरचं मुंडकं अन् स्वतः त्यावर बाण मारतोय! हे चित्र मोबाईलवर सगळ्यांना दाखवा आणि अंबरचा रंग कसा दाखवलाय त्यावर बोला, तासभर पुरतं.

दुसरं म्हणजे नुसतं 'लोकांच्या मनात द्वेष होता' असं वाचत बसलात तर भांडणच होणार, कारण मनातलं कुणाला मोजता येतं? नियम वाचा. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहराच्या बसमध्ये पुढच्या सीटा गोऱ्यांच्या, मधल्या ओळीत काळे बसले तरी गोरा आला की उठायचं, आणि पुष्कळदा पुढनं पैसे देऊन खाली उतरून मागच्या दारानं चढायचं. 1 डिसेंबर 1955 ला रोझा पार्क्स नावाच्या काळ्या बाई उठल्या नाहीत, अटक झाली, मग 381 दिवस तिथल्या काळ्या लोकांनी बसमध्ये बसणंच सोडलं. चालत गेले, एकमेकांच्या गाड्या वाटून घेतल्या. हे कुणी जमवलं, पैसा कुठनं आला, हे एकेकानं शोधून आणायचं. आंदोलन म्हणजे नुसतं भाषण नसतं हो, एवढं तरी पोरांना कळेल.

जातीवर येणाऱ्याला गप्प करू नका, तो काही विषय सोडून बोलत नाहीये. जोतिरावांनी 1873 ची 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामगिरी संपवणाऱ्यांनाच अर्पण केलीय, आणि बाबासाहेबांनी 1946 साली अमेरिकेतले काळे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून तिथल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या होत्या. पण जात म्हणजे वंश नाही हे पण बाबासाहेबांनीच ठासून सांगितलंय, म्हणून दोन्ही एकाच मापानं मोजू नका. कुठं सारखं, कुठं वेगळं, फळ्यावर लिहा अन् त्याला एक अख्खा रविवार द्या.

आणि हो, विद्यापीठात आफ्रिकेतली पोरं शिकायला असतात, त्यातल्या कुणाला 'तुझे अनुभव सांग' म्हणून धरून आणू नका. ओळख झाली, तो आपणहून बसला तर चहा द्या, नाहीतर त्याला त्याचा अभ्यास करू द्या. त्यापेक्षा पुढच्या बैठकीला घरातला सोयरिकीचा बायोडाटा आणा, त्यात 'वर्ण' नावाचा रकाना असतोय.