काळ्या रानात सांडपाणी मुरेना

प्रश्न : घरात सहा माणसं. मोरीच्या पाण्यासाठी चार फूट लांब, रुंद आणि खोल शोषखड्डा घेतला, दगड भरले. दुसऱ्याच वर्षी तो तुंबून पाणी अंगणात येतंय. दगड काढून धुवावेत का? (एक वाचक, मंगळवेढा तालुका)

उत्तर : धुवा, पण थोडेच दिवस निभेल. खोट हिशेबात आहे. माणशी ५५ लिटर धरले तर रोजचे ३३० लिटर होतात. त्यातले ८० टक्के, म्हणजे सुमारे २६० लिटर मोरीतून बाहेर पडतात. खड्ड्याचा तळ गाळाने लवकर बुजतो, मग पाणी मुरतं ते भिंतींतून. तीन फूट पाणी उभं राहिलं तरी चार भिंती मिळून साडेचार चौरस मीटर होतात. चिकण काळी माती चौरस मीटरला दिवसाकाठी जेमतेम १० लिटर पिते. म्हणजे मुरले ४५ लिटर. बाकीचे जाणार कुठे? मंगळवेढ्याची ज्वारी ज्या ओलीवर येते तीच ही माती. पाणी धरून ठेवणं हा तिचा गुणच आहे. त्यात भिजली की फुगते, आणि धुण्याच्या पावडरीतला सोडियम मातीचे कण सुटे करून उरलीसुरली छिद्रंही लिंपतो.

म्हणून खड्डा रुंद करण्यापेक्षा मुरमापर्यंत न्या. मुरूम किती फुटांवर लागतो ते शेजारच्या विहिरीत दिसेल. मुरूम लागला की त्यात फूटभर भोक घेऊन तळाला दोन इंच खडी टाका आणि रात्रभर पाणी भरून ठेवा. सकाळी खडीवर १५ सेंटीमीटर पाणी ठेवून अर्ध्या तासात किती उतरतं ते मोजा. अडीच सेंटीमीटर किंवा जास्त उतरलं तर खड्डा चालेल. तेवढं उतरायला तासाहून जास्त लागत असेल तर खड्ड्याचा नाद सोडा आणि पाणी उथळ चरांतून केळी, कर्दळीला द्या. चांगल्या मुरमात चौरस मीटरला ३० लिटर धरून चार फूट व्यासाच्या गोल खड्ड्याला मुरमातच आठ फूट खोली लागते. तेवढं खोल जाणं नको असेल तर दोन खड्डे घ्या. विहीर किंवा बोअर १५ मीटरच्या आत नको, आणि भर पावसाळ्यातही भूजल तळाच्या दीड-दोन मीटर खालीच हवं.

खड्ड्याआधी दोन कप्प्यांची छोटी टाकी हवीच. शेवटच्या पाइपाला खाली तोंड केलेला एल्बो बसवा, म्हणजे तरंगणारं तेल टाकीतच अडकेल. पंधरवड्याला गाळ काढा. भांडी राखेने घासत असाल तर आठवड्याला.

प्रश्न : लोकवस्ती १२००. सगळी गटारं ओढ्यात जातात. पाणी साफ करायला विजेवर चालणारं यंत्र घ्यावं असं काहींचं म्हणणं आहे. (ग्रामपंचायत सदस्य, करमाळा तालुका)

उत्तर : यंत्र नको. ते बसवणं सोपं. वीजबिल आणि चालवणारा माणूस कायमचा लागतो. पाणी साफ व्हायला एकामागून एक तीन तळी करा. वरच्याच हिशेबाने रोज ५३ घनमीटर पाणी येईल. पण कागदावर विसंबू नका. सकाळी सहा ते नऊ गटाराच्या तोंडाशी बादली आणि घड्याळ घेऊन मोजा.

सुरुवातीला २० मिलिमीटर फटीची जाळी आणि वाळू बसायला हौद. पहिलं तळं अडीच मीटर खोल, दोन दिवसांच्या पाण्याचं. दुसरं सव्वा मीटर, पाच दिवसांचं, साधारण सव्वादोन गुंठ्यांचं. तिसरं मीटरभर खोल, तीन दिवसांचं. बांध धरून आठ-दहा गुंठे जागा लागेल, तीही घरांपासून २०० मीटर लांब. इथे मात्र काळी माती कामाला येते: दाबून बसवली तर तळ पाणी धरतो. फक्त उन्हाळ्यात तळं कोरडं पडू देऊ नका, भेगा पडल्या की पाणी त्यातून खाली जातं. बांध निव्वळ काळ्या मातीचे केले तर ढासळतात; आतून मुरूम आणि दगडी पिचिंग करा.

बहुतेक तळी बिघडतात ती शौचालयाच्या टाकीचे पाइप गुपचूप गटारात सोडल्याने. आधी ते शोधून बंद करा. काठचं गवत कापा, गप्पी मासे सोडा. जलपर्णी शिरली तर डासांना आसराच.

पैशाचं : स्वच्छ भारत मिशनच्या २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात ५००० पर्यंतच्या गावांना सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये धरले होते. तुमच्यासाठी ते ३ लाख ३६ हजार होतात. अंदाजपत्रक करताना हा आकडा समोर ठेवा.

प्रश्न : तळ्याचं पाणी पिकाला चालेल का? (तेच ग्रामपंचायत सदस्य)

उत्तर : तिसऱ्या तळ्याचं चालेल, गजराज गवताला आणि झाडांना. कोथिंबीर, मेथी, काकडी असं कच्चं खाल्लं जाणारं काही त्यावर घेऊ नका.